उपवासाचे चॉकलेट आणि लोणीफळ

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका घरी क्रुसाच्या वाटेनंतर आजारी आजींना भेटायला गेलो होतो. त्यांची नात शिक्षण आटोपून परदेशातून नुकतीच परतली होती. तिने एका काचेच्या वाटीत काळसर, मऊ, साटीनसारखा चकाकणारा एक पदार्थ माझ्यापुढे ठेवला. चमचाभर तोंडात घातला आणि क्षणभर बोलणेच थांबले. साय, लोणी, अंडी यांची सारी श्रीमंती त्या एका घासात होती.

"पोरी, आज शुक्रवार, आणि हा असला पदार्थ?" मी विचारले.

"फादर, यात दुधाचा थेंब नाही, अंडं नाही, लोणी नाही. ॲव्होकाडो, कोको आणि गूळ, बस्स! हा पदार्थ व्हीगन आहे. उपवासाला अगदी चालेल."

मी हसलो आणि आजींकडे पाहिले. त्या अंथरुणावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वाटीकडे पाहिले, नातीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "चालेल गं. पण जिभेने काहीच सोडलं नाही, मग उपास कुणी केला?"

त्या प्रश्नावर आम्ही तिघेही हसलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी चॉकलेट आणि उपवास यांविषयीच्या एका जुन्या वादाचा ओझरता उल्लेख केला होता. त्या वेळी आम्ही विद्यार्थी त्यावर केवळ हसलो होतो. आता मात्र पुस्तके पुन्हा काढली. तेव्हा ध्यानात आले की आजींनी विचारलेला प्रश्न चारशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या पंडितांनी विचारला होता, आणि नातीने दिलेले उत्तरही तेव्हा दिले गेले होते. त्या वाटीत एक मोठा इतिहास कालवलेला होता. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दुधाविना जन्मलेले चॉकलेट

आपल्या मुलांना चॉकलेट म्हटले की दूध आठवते. जाहिरातींनी ही जोडी इतकी पक्की केली आहे की चॉकलेट हा दुधाचाच एक प्रकार असावा असे वाटते. इतिहास मात्र नेमका उलट आहे. चॉकलेटच्या आयुष्याचा बहुतेक सगळा काळ दुधाविना गेला.

कोकोचे झाड दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले. आजच्या इक्वेडोर देशात सापडलेल्या भांड्यांच्या अवशेषांवरून सुमारे ५३०० वर्षांपूर्वी तेथील लोक कोको वापरत होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. पुढे हे झाड उत्तरेकडे गेले आणि मेक्सिको व ग्वाटेमालाच्या प्रदेशात माया आणि अझटेक लोकांनी त्याच्या बियांपासून पेय करण्याची कला परिपूर्ण केली. फळ फोडून गरासकट बिया काही दिवस आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, साले काढायची आणि मग दगडी पाट्यावर वाटायच्या, असा तो क्रम. आपल्या पाट्यासारखाच त्यांचाही पाटा असे; फक्त त्याला तीन पाय असत आणि खाली मंद विस्तव ठेवला जाई. बियांमध्ये निम्म्याहून अधिक स्निग्धांश असल्याने वाटता वाटता पिठाऐवजी काळसर लगदाच तयार होई. तो पाण्यात कालवून, मिरची, व्हॅनिला, रानफुले किंवा मक्याचे पीठ घालून, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत त्यावर फेस आणला जाई. तो फेस हेच त्या पेयाचे वैभव.

या पेयात दूध नव्हते, कारण त्या भूमीवर गाय, म्हैस, शेळी यांपैकी एकही जनावर नव्हते. साखरही नव्हती, कारण ऊस नव्हता. कोलंबसाने १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. गुरेही स्पॅनिश लोकांबरोबरच गेली. गोडव्यासाठी तेथे मध होता. पण बहुधा हे पेय कडू आणि तिखटच प्यायले जाई.

या साऱ्याची उत्तम नोंद ठेवली ती एका धर्मगुरूने. फ्रान्सिस्कन संन्यासी बेर्नार्दिनो दे साहागुन १५२९ साली मेक्सिकोत गेले आणि पुढची साठ वर्षे तेथेच राहिले. त्यांनी स्थानिक नावाट्ल भाषा आत्मसात केली, गावोगावच्या वृद्धांना बसवून त्यांच्या चालीरीती विचारल्या आणि स्थानिक विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्या भाषेतच बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारात कोको विकणारा चांगला व्यापारी कोण आणि बियांत भेसळ करणारा लबाड कोण, हेही आहे. भेसळीचे कारण स्पष्ट आहे. कोकोच्या बिया केवळ खाद्य नव्हत्या, ते चलन होते.

त्लाश्काला या मेक्सिकन नगरातील १५४५ सालचा एक दरपत्रक-दस्तऐवज उपलब्ध आहे. त्यानुसार टर्कीच्या एका चांगल्या मादीला कोकोच्या १०० बिया पडत. एका मोठ्या टोमॅटोला एक बी. आणि ॲव्होकाडो? नुकत्याच उतरवलेल्या कच्च्या ॲव्होकाडोला ३ बिया, तर पूर्ण पिकलेल्याला एकच बी! पिकलेले फळ दुसऱ्या दिवशी टिकणार नाही, हे बाजाराला ठाऊक होते. आज आमच्या त्या मुलीच्या वाटीत जे दोन पदार्थ एकत्र आले, त्यांचा व्यवहार असा पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या बाजारात लिहून ठेवलेला आहे. फरक इतकाच की तेव्हा एक दुसऱ्याची किंमत होता.

लोण्याचे झाड

ॲव्होकाडो हे फळ त्याच भूमीतले. मेक्सिकोच्या तेहुआकान खोऱ्यातील कोश्कातलानच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या त्याच्या कोयी सापडल्या आहेत. नावाट्ल भाषेत त्याला 'आवाकात्ल' म्हणत. त्यावरूनच पुढे 'ॲव्होकाडो' हा शब्द घडला. टोमॅटो हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्दही त्याच भाषेतून आलेला आहे, हे सहसा कुणाला ठाऊक नसते.

या फळाचे पहिले छापील वर्णन १५१९ सालचे. मार्टिन फर्नांदेझ दे एन्सिसो या स्पॅनिश प्रवाशाने आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्यावर ते पाहिले आणि आपल्या भूगोलाच्या ग्रंथात लिहिले की आतला गर लोण्यासारखा असून चवीला अप्रतिम आहे. गंमत अशी की आपल्या दक्षिण भारतातही हे फळ लोण्याचे फळ अशा अर्थाच्या नावानेच ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते श्रीलंकेमार्गे भारतात आले आणि कूर्ग, केरळ, तमिळनाडूतील डोंगरउतार येथे रुजले. दूरदूरच्या माणसांनी परस्परांना न विचारता एकाच गोष्टीची उपमा द्यावी, याला कारण त्या फळाचा स्वभाव. बहुतेक फळांत पाणी आणि साखर असते. या फळाच्या १०० ग्रॅम गरात मात्र सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि साखर जवळजवळ नसतेच. दुसरा विशेष म्हणजे ते झाडावर पिकत नाही, उतरवल्यानंतरच पिकते.

येशूसंघीय धर्मगुरू बेर्नाबे कोबो यांनी पेरू आणि मेक्सिकोत आयुष्य घालवून १६५३ साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात ॲव्होकाडोचे तीन प्रकार वेगळे सांगितले आहेत. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञही मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन अशा तीनच मुख्य जाती मानतात.

मेक्सिकोत हे फळ मीठ-मिरचीबरोबर खातात, म्हणून ते गोड पदार्थात घालणे म्हणजे आजकालचे खूळ, असे कोणाला वाटेल. परंतु ब्राझीलमध्ये त्याचा गर साखर आणि लिंबू घालून घुसळतात व जेवणानंतर खातात. फिलिपिन्समध्ये साखर आणि दूध घालून खातात. इंडोनेशियात तर ॲव्होकाडोच्या घट्ट पेयावर चॉकलेटची धार सोडलेली असते. म्हणजे ही जोडी कोणा एका आधुनिक स्वयंपाक्याच्या डोक्यातून निघालेली नाही.

जेव्हा लोणीही वर्ज्य होते

आता आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे वळू. आजचे नियम सौम्य आहेत. पोप पॉल सहावे यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताच्या नियमांची पुनर्रचना केली आणि १९८३ च्या धर्मसंहितेने राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपवासाचे ठेवले. शुक्रवारी वर्ज्य ते मांस. दूध, लोणी, अंडी यांचा प्रश्नच येत नाही. मध्ययुगात मात्र पश्चिमेकडील ख्रिस्ती माणसाला प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी आणि चीजही वर्ज्य होते. जे जे प्राण्यापासून येते, ते वर्ज्य. मासे तेवढे चालत.

दक्षिण युरोपात ऑलिव्हचे तेल होते, त्यामुळे तेथे निभावले. उत्तरेकडे तेल महाग आणि लोणी घरोघरी. तेथे हा नियम जड गेला. मग त्यातून वाट काढली ती स्वयंपाकघरांनी. बदाम भिजवून, वाटून, पाण्यात कालवून गाळले की दुधासारखे द्रव मिळते. इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यात १३९० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या पाककृतिसंग्रहात बदामाच्या दुधाचे पदार्थ पानोपानी आढळतात. सहाशे वर्षांपूर्वीचा तो 'व्हीगन' गोड पदार्थच म्हणायचा! मात्र ज्याच्याकडे बदामाला पैसे होते त्यालाच हा मार्ग मोकळा होता. गरिबाचा उपवास खरोखरच उपवास राही.

दुसरी वाट परवानगीची. ठरावीक दान दिले की लोणी खाण्याची मुभा मिळे. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलचा एक भव्य मनोरा पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला गेला. अशा दानातून तो उभा राहिला म्हणून आजही लोक त्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. त्या मनोऱ्याचे सौंदर्य मान्य करूनही, आपण धर्मगुरूंनी तो पाहताना मान थोडी खाली घालावी असे मला वाटते.

पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी मात्र जुनी शिस्त अधिक जपली. इथिओपियातील ख्रिस्ती लोक आजही उपवासाच्या दिवसांत मांस, दूध, लोणी, अंडी काहीच खात नाहीत. आपल्या केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती समाजात पन्नास दिवसांच्या उपवासाची परंपरा आहे. त्या भूमीत नारळ होता, त्यामुळे गूळ आणि नारळाच्या दुधातले पायसम दुधाविनाही होऊ शकते. आपल्या गोव्याचा दोदोल पाहा: तांदळाचे पीठ, काळा गूळ, नारळाचे घट्ट दूध. कोकणातले शिरवाळे नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. आपण ज्याला नवे समजतो ते आपल्याच आजींच्या कढईत होते. फक्त त्याला कोणी परदेशी नाव दिले नव्हते.

चॉकलेटने उपवास मोडतो काय?

अशा जगात चॉकलेट येऊन पोचले. १५४४ साली डॉमिनिकन संन्यासी केक्ची माया सरदारांना स्पेनचे राजपुत्र फिलिप यांच्या भेटीला घेऊन गेले; त्यांनी नेलेल्या नजराण्यांत चॉकलेटचे पेयही होते. १५८५ साली वेराक्रूझहून सेव्हिलला कोकोचा माल रवाना झाल्याची नोंद आहे. मधल्या काळात मेक्सिकोतील स्पॅनिश घरांनी त्यात साखर आणि दालचिनी घातली, ते गरम केले आणि लाकडी रवीने घुसळू लागले. येशूसंघीय पंडित होसे दे अकोस्ता यांनी १५९० साली लिहिले की सवय नसलेल्याला त्यावरच्या फेसाची किळस येते, पण त्या देशातील स्पॅनिश स्त्रिया त्यासाठी वेड्या झाल्या आहेत.

हे पेय पोट भरते, अंगात बळ आणते. मग उपवासाच्या दिवशी ते घ्यावे की नाही? उपवास म्हणजे दिवसात एकदाच भोजन. पेयाने उपवास मोडत नाही हे तत्त्व जुने होते. चॉकलेट पेय आहे की अन्न, एवढाच प्रश्न. पण त्यावर ग्रंथामागून ग्रंथ निघाले. मेक्सिकोत राहिलेले वैद्य हुआन दे कार्देनास यांनी १५९१ च्या ग्रंथात चॉकलेट पौष्टिक असल्याने उपवास मोडतो, अशी बाजू घेतली. आंतोनियो दे लेऑन पिनेलो या कायदेपंडिताने १६३६ साली माद्रिदमध्ये याच एका प्रश्नावर संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. १६४५ साली तोमास उर्तादो यांचा ग्रंथ आला. १६६४ साली रोममध्ये कार्डिनल फ्रांचेस्को मारिया ब्रांकाचो यांनी लॅटिनमध्ये प्रबंध लिहून चॉकलेट हे पेयच आहे, सबब त्याने उपवास मोडत नाही, असा कौल दिला. सर्वसाधारणपणे येशूसंघीय सौम्य बाजूला आणि डॉमिनिकन कडक बाजूला, अशी विभागणी होती. कोकोच्या व्यापारात येशूसंघाचे हितसंबंध होते, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सौम्य बाजूच्या पंडितांनीही एक अट घातली, आणि ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. चॉकलेट पाण्यात केलेले असेल तर ते पेय. त्यात दूध किंवा अंडी घातली तर ते अन्न झाले. म्हणजे उपवासाचे चॉकलेट ते दुधाविनाचे चॉकलेट, हा निवाडा सतराव्या शतकातच झाला होता. आमच्या मुलीने जे सांगितले त्याला अशी जुनी साक्ष आहे.

परंतु आजींची बाजूही निराधार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, युरोपात चॉकलेट येण्याच्या कितीतरी आधी, पचनासाठी घेतल्या जाणाऱ्या गोड औषधी पाकांविषयी याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की अशा पाकाने थोडेफार पोषण झाले तरी उपवास मोडत नाही. मात्र कोणी कपटाने, अन्नाच्या जागी तो भरपूर खाऊ लागला, तर गोष्ट वेगळी. वाटीत काय आहे याइतकेच खाणाऱ्याच्या मनात काय आहे हेही पाहावे लागते. आजींनी सुमा थिओलॉजिका वाचलेली नाही. पण त्या नेमक्या तेथेच पोचल्या होत्या.

हा वाद नुसता पोथ्यांत राहिला नाही. इंग्लिश डॉमिनिकन थॉमस गेज यांनी १६४८ च्या आपल्या प्रवासवर्णनात चियापा रेआल या नगरातली एक हकीकत दिली आहे. तेथील संपन्न घरच्या स्त्रिया पोटाच्या अशक्तपणाचे कारण सांगून मिस्सा चालू असतानाच दासींकरवी गरम चॉकलेट मागवीत. बिशपांनी आधी समज दिली, मग बहिष्काराची ताकीद दारावर लावली. स्त्रियांनी कॅथेड्रलला जाणेच सोडले आणि त्या मठांच्या चर्चमध्ये जाऊ लागल्या. पुढे बिशप आजारी पडून वारले, आणि त्यांना चॉकलेटमधूनच विष दिले गेले अशी नगरात कुजबूज झाली. गेज यांनी नंतर कॅथलिक सभा सोडली, आणि त्यांचे पुस्तक इंग्लंडमधील कॅथलिकविरोधी वाचकांसाठी होते. तेव्हा हकीकत जपूनच वाचावी. तरीही मला त्यात बिशप आणि बाया यांच्यापेक्षा त्या दासी अधिक दिसतात. त्यांनी कोको वाटला, तापवला आणि मिस्सा चालू असताना सांडू न देता आणला. त्यांचा उपवास होता की नव्हता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

दूध आले ते उशिरा

चॉकलेटमध्ये दुधाचे राज्य सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. १८२८ साली हॉलंडमधील व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यातून आजची कोको पावडर मिळाली. १८४७ साली इंग्लंडमधील फ्राय कंपनीने खाण्याची वडी तयार केली. आणि १८७५ साली स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी डॅनियल पीटर यांनी आटवलेले दूध वापरून दुधाचे चॉकलेट केले. पाच हजार वर्षांच्या इतिहासात दुधाचे चॉकलेट रूढ झाले ते अवघ्या दीडशे वर्षांत. 'व्हीगन' हा शब्द तर १९४४ सालचा. इंग्लंडमधील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रचारात आणला. प्राण्यापासून आलेले काहीच घ्यायचे नाही, अगदी मधही नाही, असा त्यांचा दंडक.

वाटीतील कृती

ज्या घरांतून हा अंक वाचला जातो त्या घरांत कृती विचारली जाणारच, म्हणून त्या मुलीकडून समजून घेतली ती सांगतो. दोन मोठे पिकलेले ॲव्होकाडो घ्यावेत. बोटाने हलकेच दाबल्यावर फळ दबले पाहिजे; कच्चे असेल तर कडवट लागते आणि गुठळ्या राहतात. अर्धी वाटी कोको पावडर, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला. गूळ अगदी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि पूर्ण निवू द्यावा. मग सगळे मिक्सरमधून इतके फिरवावे की हिरवा कण दिसू नये. अधिक श्रीमंत हवे असेल तर दूध नसलेले काळे चॉकलेट १०० ग्रॅम, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून शेवटी घालावे. एक सावधगिरी: फळ फ्रिजमधून काढलेले थंडगार असेल तर वितळलेले चॉकलेट त्यात पडताच आवळते आणि खडे होतात. दोन्ही घरातल्या हवेइतके कोमट असावेत.

हे साधते कशाने? दुधाच्या सायीचे काम येथे ॲव्होकाडोचा स्निग्धांश करतो. त्याचा गर तंतूंसकट बारीक झाला की चॉकलेटला धरून ठेवतो. फळाची स्वतःची चव सौम्य असल्याने कोकोपुढे ती मागे सरते. चॉकलेटमधील कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेहून किंचित कमी तापमानाला वितळते. म्हणून दोन-तीन तास थंडीत ठेवलेला हा पदार्थ वाटीत घट्ट राहतो आणि जिभेवर विरघळतो. कापलेले फळ हवेने काळे पडते, तेव्हा वाटीवर झाकण हवे. हा पदार्थ शिजवू मात्र नये. तापवलेला ॲव्होकाडो कडू होतो.

वाटीची किंमत

दूध नाही, अंडे नाही, म्हणजे कोणालाच दुःख दिले नाही, असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! युरोपची चॉकलेटची तहान वाढली तसे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम कोकोच्या आणि उसाच्या मळ्यांत राबवले गेले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावर मजुरांना जबरीने राबवले जात होते. ते उघडकीस आल्यावर कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या इंग्लिश कंपन्यांनी १९०९ साली तेथील कोको घेणे थांबवले. आज कोकोचा मोठा हिस्सा आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांतून येतो. तेथे कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करतात, असा अंदाज शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक मुलांनी चॉकलेट कधी चाखलेलेही नसेल.

ॲव्होकाडोचीही गोष्ट निर्मळ नाही. मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात निर्यातीच्या बागांसाठी पाइनची जंगले तुटली, झरे आटले आणि गुंडांच्या टोळ्यांनी बागाईतदारांकडून खंडणी उकळली. त्याच प्रांतातील चेरान या आदिवासी गावात १५ एप्रिल २०११ रोजी पहाटे स्त्रियांनी बेकायदा लाकूडतोड्यांच्या गाड्या अडवल्या. चर्चची घंटा वाजली, गाव धावून आले आणि त्या दिवसापासून गावाने आपल्या जंगलाची राखण स्वतःकडे घेतली. चियापाच्या स्त्रियांची गोष्ट सांगितली, तर चेरानच्या स्त्रियांचीही सांगायला हवी.

तीच वाटी, पुन्हा

प्रायश्चित्तकाळ संपला. ईस्टरनंतर आमच्या धर्मग्रामात लहान मुलांचा प्रथम कम्युनियनचा सोहळा झाला. त्या वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी त्याला श्वास घेणे कठीण होते. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक लग्नात तो केकपासून दूर, आईचा हात धरून उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले होते; पाहून पुढे गेलो होतो. याबाबतीत काही करता येईल हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आजींच्या नातीच्या ते ध्यानात आले होते. मिस्सानंतर हॉलमध्ये अल्पोपाहार होता. तिने मुलाच्या आईला विचारून, कोको आणि चॉकलेटच्या वेष्टनावरील अक्षर न् अक्षर वाचून, वेगळ्या स्वच्छ भांड्यांत तो पदार्थ केला होता; आणि तो त्या एका मुलासाठी नव्हे, तर सगळ्या वर्गासाठी. सगळ्यांच्या हातात सारखीच वाटी होती. तो मुलगा आधी आईकडे पाहत राहिला. तिने मान हलवली तेव्हा त्याने चमचा उचलला.

आजींना खुर्चीवरून आणले होते. त्यांच्याही हातात वाटी होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "काय आजी, आज चालेल ना?"

"आज न चालायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आज काय उपास आहे?"

शुक्रवारी जी वाटी पळवाट होती, तीच त्या रविवारी मेजवानी झाली होती. चारशे वर्षे पंडितांनी वाटीत काय आहे ते तपासले. ते तपासणेही आवश्यकच होते, कारण त्या मुलाचा जीव त्यावर अवलंबून होता. पण ती कोणत्या दिवशी, कोणापुढे आणि कोणाच्या कष्टांवर ठेवली आहे, हेही विचारले पाहिजे. नातीने पुढच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी हा पदार्थ करायचा नाही असे ठरवले आहे. वाचलेले पैसे कोठे द्यावेत, हे तिने मला विचारले आहे.

तो मुलगा रिकामी वाटी घेऊन पुन्हा टेबलाशी आला तेव्हा पातेले संपले होते. आजींनी आपली वाटी, एक चमचा कमी झालेली, त्याच्याकडे सरकवली.